अव्वाच्या जागेचे आकडे

"ये गं पाखरा, पोटापुरतं खाय,
राहिल्या कणसाला बाळ माझं हाय..."

ज्वारी हुरड्यात आली की अव्वा रानातल्या माळ्यावर उभी राहून असं गायची. हातात गोफण असायची, पण तिच्यातून दगड क्वचितच सुटायचा. पस्तीस वर्षं झाली, तरी उमाशंकरच्या कानात आईचा तो आवाज तसाच होता, थोडा फाटका, अर्धा वाऱ्यानं नेलेला. आवाज राहिला होता. जागा हरवली होती.

जळकोटच्या पुढं त्यांचं रान. चार वर्षांमागं, टाळेबंदीच्या उन्हाळ्यात, अव्वाला तिथंच समाधी दिली. लिंगायतांच्या रीतीनं मांडी घालून बसवली, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, विभूती आणि बेल घालून माती लोटली. हे सगळं उमाशंकरनं फोनवर ऐकलं. तो उदगीरला एका खोलीत तापानं पडून होता. श्रावणात गावी आला तेव्हा रानात गुडघाभर सोयाबीन होतं आणि मधोमध काळा दगड रोवलेला होता. त्यानं स्वतः बनवलेलं ड्रोन दगडाच्या बरोबर वर हवेत उभं केलं, कॅमेरा सरळ खाली वळवला आणि मिनिटभर चित्र घेतलं. चित्रात दुसरं काही नव्हतं. हिरवं रान, काळा दगड, आणि काठाला जागेचे आकडे, अक्षांश-रेखांश.

गेल्या भाद्रपदात नाल्यानं वाट बदलली. बांध गेला, वर वीतभर गाळ बसला, दगड वाहत जाऊन खालच्या बाभळीला अडकला. आता बसवजयंतीला समाधीवर कट्टा बांधायचं ठरलं होतं. गवंडी सोमवारी येणार होता. कट्टा कुठं, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

थोरल्या भावाला, मलप्पाला, विचारलं की तो म्हणायचा, "हितंच कुठंतरी. माती का दोन हायती?" आणि म्हशी सोडायला निघून जायचा.

उमाशंकर उदगीरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. भाऊ सांगत नाही तर आकडे सांगतील, असं त्यानं मनाशी धरलं. शुक्रवारी तो ड्रोन घेऊन गावी आला आणि जुने आकडे घालून ते रानात सोडलं. ड्रोन गेलं, पण एका जागी ठरेना. दहा पावलं इकडं, आठ पावलं तिकडं. पडद्यावर उपग्रह सहा-सातच दिसत होते.

"याचं दावं लई लांब सोडलंस," बांधावरून मलप्पा म्हणाला. "समद्या रानात चरून राहिलंय."

शनिवारी सकाळी ओसरीवर बाजेवर पोतं अंथरून उमाशंकरनं ड्रोन उघडलं. दोष दिसायला वेळ लागला नाही. जीपीएसची चकती कॅमेऱ्याच्या ट्रान्समीटरला चिकटून बसवली होती. ट्रान्समीटर सारखा बोलणारा, उपग्रहाचा आवाज बारीक. लग्नाच्या बँडजवळ बसून फोन ऐकावा, तशी गत. त्यानं नवी चकती आणली होती, दोन-तीन देशांचे उपग्रह ऐकणारी, पोटातच होकायंत्र असलेली. ती त्यानं बोटभर उंच नायलॉनच्या काडीवर, सगळ्या तारांपासून दूर बसवली. काडीखाली तांब्याचा पत्रा चिकटवला, म्हणजे खालचा गोंगाट वर जाऊ नये.

"तुळशीवृंदावनावानी दिसायलंय," मंजुश्रीवैनी चहा ठेवत म्हणाली. "आता पाणी घालायचं का याला?"

"नका घालू वैनी. आताच सुधारलंय."

नव्या होकायंत्राला दिशा शिकवाव्या लागतात. ड्रोन छातीशी आडवं धरून स्वतःभोवती एक फेरी घ्यायची, मग त्याचं नाक खाली करून आणखी एक. उमाशंकरनं दोन्ही फेऱ्या अंगणात घेतल्या आणि ड्रोन सोडलं. उपग्रह एकोणीस लागले. तरी ते वर गेलं आणि गोल फिरू लागलं. आधी घागरीएवढा गोल, मग खळ्याएवढा, मग लिंबाच्या फांद्यांपर्यंत. त्यानं घाईनं खाली उतरवलं. पुन्हा दिशा शिकवल्या. पुन्हा तोच घेर.

दुपारपर्यंत त्यानं तारा तपासल्या, पत्रा काढून परत लावला. चौथ्यांदा ड्रोन छातीशी धरलं तेव्हा सदऱ्याच्या आत काहीतरी टक्कन हललं. गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी. जुनी कडी झिजली म्हणून दिवाळीत सराफानं तिला लोहचुंबकाचं झाकण बसवून दिलं होतं. तो फिरला तशी डबीही ड्रोनच्या पोटाशी फिरत होती, आणि होकायंत्र त्या चुंबकासकट दिशा पाठ करत होतं. वर गेलं की चुंबक नाही. मग पाठ केलेलं सगळंच चुकायचं.

त्यानं वैनीला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली.

"म्हंजे देवानंच भटकवलं म्हणा की. मग काढून ठेवा घडीभर."

"असं कसं काढू, वैनी?"

तिनंही ते गमतीनंच म्हटलं होतं. अंगावरचं लिंग काढायचं नसतं, हे तिला कोण सांगणार? तिचं स्वतःचं तर साध्या फडक्यात बांधलेलं होतं, ना चांदी, ना चुंबक. तिनं हात पुसले, बांगड्या वर सारल्या.

"आणा हिकडं. मी फिरते."

"सावकाश. हां. आता नाक खाली करा."

"कुणाचं? माझं का याचं?"

म्हशीला पाणी दाखवून परत आलेला मलप्पा दारात थांबून बघत होता. बायको ड्रोन कडेवर घेतल्यासारखी अंगणात फिरत होती. तो हसला नाही.

ऊन कललं तेव्हा तिघं रानात गेले. ढेकळं तापून पांढरी पडली होती. उमाशंकरनं जुने आकडे दिले. ड्रोन उडालं, सरळ गेलं आणि थांबलं. खिळा ठोकावा तसं हवेत उभं राहिलं. वारा आला, ते थोडं कललं, पण जागा सोडली नाही. उमाशंकर चालत त्याच्या सावलीपर्यंत गेला आणि त्यानं खुंटी रोवली.

खुंटीवर दगड मारताना त्याचा हात मंद झाला. ड्रोन आता खरं बोलत होतं, पण जे आकडे ते मानत होतं, ते चार वर्षांपूर्वीच्या त्या लांब दाव्याच्या ड्रोननं लिहिलेले होते. आज कितीही सुधारणा केली, तरी तेव्हाची चूक तेव्हाचीच राहणार होती. विद्यार्थ्यानं केली असती तर त्यानं पहिल्याच तासाला दाखवून दिली असती, अशी ती चूक होती.

त्यानं खुंटीला दोर बांधला, दहा पावलांवर नेला, आणि पिशवीतली चुन्याची फक्की सोडत पूर्ण वळसा घातला. रानात पांढरं कडं उमटलं.

"अण्णा," तो म्हणाला, "यापेक्षा बारीक न्हाई सांगता येत. आकडेच कच्चे होते. पण दगड ह्या कड्याच्या आतच होता, आन् दगडाखाली अव्वा. कट्टा मोठा बांधू. कडंभर. कुठं का असंना, आतच येईल."

मलप्पा कड्याच्या बाहेर उभा होता. त्याच्या चपलेचं टोक चुन्याला लागलं तसा त्यानं पाय मागं घेतला. वैनीनं नवऱ्याकडं पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

"अण्णा, बोल की काहीतरी. तू हजर होतास. मी नव्हतो."

"तवा दगड नव्हता," मलप्पा म्हणाला.

"कवा?"

"माती लोटली तवा. समदं बंद होतं, दगड कुठून आणायचा? तुराटी रोवली होती खुणेला. मग मिरगाचा पाऊस लागला. ग्यानोबाचा ट्रॅक्टर एकाच दिवसासाठी मिळत होता."  मग शब्द एकेक करून आले. "तुराटी पडली होती का मी पाहिलीच न्हाई, मला आठवत न्हाई. मी पेरून घेतलं, शंकर. तिच्यावरनं पेरलं. सोयाबीन उगवल्यावर बघत फिरलो, आन् वाटलं तिथं दगड ठेवला. तू येणार होतास म्हणून ठेवला."