टिटवीची दोन अर्धुकं

यो-यो चांगला की वाईट, हे हल्ली नखावर ठरतं. खेळाडू तो हातात घेतो, जोरात खाली फेकतो आणि दोरीच्या टोकाला तो गरगरत उभा राहिला की दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं नख हळूच त्याच्या कडेला टेकवतो. नखाला काही लागलं नाही तर मान डोलावतो. जराशी थरथर लागली, तर दोरी गुंडाळतो, यो-यो होता तिथे ठेवतो आणि पुढच्या टेबलाकडे जातो. रागावत नाही, घासाघीस करत नाही. नुसता पुढे जातो.

व्हर्ना ऑस्ट्रँडर सकाळपासून हीच नखं बघत बसली होती.

चिको गावच्या चौकात ऑक्टोबरातली राष्ट्रीय स्पर्धा भरली होती. मंचावर एकामागून एक पोरं येऊन गाण्याच्या तालावर दोऱ्यांची जाळी विणत होती आणि झाडांखाली विकणाऱ्यांचे तंबू लागले होते. पूर्वी या झाडांखाली मोजकी टेबलं असायची. विकणारे एकमेकांच्या डब्यातलं खायचे, एकमेकांच्या मुलांची चौकशी करायचे. आता तंबूंची ओळ चौक संपला तरी संपत नव्हती. प्रत्येक टेबलावर धातूचे यो-यो दागिन्यांसारखे मखमलीवर मांडलेले. जांभळे, सोनेरी, शेवाळी. सगळे गुळगुळीत, सगळे मुके, आणि किमतीही जवळपास एकच. यातला हाच का घ्यायचा, असं कुणी विचारलं असतं तर विकणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

व्हर्नाच्या टेबलावर एकच वाण होता. टिटवी.

"बाईसाहेब, जरा हसा," मागे घडीच्या खुर्चीवर बसलेला हॉलिस म्हणाला. "गिऱ्हाईक बिचकतंय."

"हसतेच आहे मी."

"याला हसणं म्हणतात? असं हसलीस की चौथीतली पोरं आपणहून कोपऱ्यात जाऊन उभी राहायची."

व्हर्ना खरंच हसली, आणि हसता हसता तिला आठवलं की आज काही विकलं गेलं नाही तर सोमवारी हॉलिसची लेथ मशीन न्यायला माणूस येणार आहे. तिने टेबलावरचा कपडा उगाच सारखा केला.

ती शाळेत शिकवायची तेव्हा जेवणाच्या सुट्टीत पोरांना यो-यो शिकवत असे. स्वस्तातले प्लॅस्टिकचे यो-यो, गाठी पडलेल्या दोऱ्या. ज्या पोराला गणितात मान वर करता येत नसे, त्याला निदान ही एक गोष्ट सगळ्यांसमोर करता यावी, एवढाच तिचा हेतू. हॉलिस प्रुइट बदामाच्या बागांमधली यंत्रं दुरुस्त करायचा. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ होती. एकदा ती तुटका यो-यो घेऊन त्याच्याकडे गेली. त्याने तो दुरुस्त केला आणि म्हणाला, "याच्यापेक्षा बरा मी अॅल्युमिनियमचा करून देईन." त्यातून टिटवी झाली. नाव तिनेच ठेवलं, शेडमागच्या भातखाचरांत दिवसभर ओरडणाऱ्या पाखरांवरून. त्या काळी धातूचे यो-यो करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. टिटवीसाठी लोक महिनोन् महिने थांबायचे.

लेथवरून उतरलेल्या पहिल्या दोन टिटव्या त्या दोघांनी स्वतःला ठेवल्या. तिची निळी, त्याची चंदेरी. आणि त्याच दिवशी त्यांनी अदलाबदल केली. यो-यो खेळणाऱ्यांत ही जुनी रीत आहे. एकाच जातीचे, पण वेगळ्या रंगांचे यो-यो दोन मित्रांकडे असले, की ते दोन्ही उघडायचे आणि एकेक अर्धुक एकमेकांना द्यायचं. हे कुणी भलत्यासलत्याशी करत नाही. तेव्हापासून तिच्या खिशात अर्धी निळी, अर्धी चंदेरी टिटवी होती, आणि त्याच्याही. इतक्या वर्षांत दोघांनी स्वतः खेळायला दुसरा यो-यो हातात धरला नव्हता. विकायच्या टिटव्या तर व्हर्ना फेकूनही बघत नसे. दुसऱ्याच्या नव्या वस्तूला आपल्या हातून टवका उडू नये, हा तिचा नियम.

मग करणारे वाढले. टिटवीची मागणी आटली, शेड थंडावली. तरी दर शनिवारी ती कॉफी घेऊन तिथे जायची आणि दोघं काही ना काही घासत, पुसत, भांडत बसायची. यंदा हॉलिसचे गुडघे पार गेले. लांब आयडाहोत राहणाऱ्या लेकीने त्याच्यासाठी खोली तयार ठेवली. तेव्हा वसंतात व्हर्ना म्हणाली होती, "एकदा टिटवी पुन्हा करू. स्पर्धेत विकली गेली तर राहशील?"

हॉलिसने बराच वेळ हात पुसले. "विकली गेली तर राहीन," तो म्हणाला.

जुनं रेखाटन कधीच हरवलं होतं. व्हर्नाने स्वतःची टिटवी त्याच्यापुढे ठेवली. "हिच्यावरून माप घे. अगदी हिच्यासारखी हवी."

मापं घेऊन झाल्यावर त्याने विचारलं होतं, "व्हर्ना, हिच्यात थरथर आहे. काढू का?"

"मुळीच काढू नकोस. तोच तर तिचा आवाज आहे. हल्लीच्या यो-योंना जीवच नसतो."

त्याने काढली नाही. एकेक टिटवी त्याने त्या थरथरीसकट घडवली.

दुपारी दोन तरुण टेबलापाशी थांबले. एकाने टिटवी फेकली, नख टेकवलं, भुवया वर केल्या.

"आकार झकास आहे, आजी. पण थरथरते."

"थरथरत नाही बाळा, बोलते ती."

"बोलते खरी," त्याचा दोस्त म्हणाला, "पण एवढ्या पैशांत तोंड मिटून राहणारे दोन येतात."

दोघं हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. जाताना पहिल्याने मागे वळून विचारलं, "हा दुय्यम माल आहे का? दुय्यम म्हणून स्वस्तात देणार असाल तर घेतो एक."

"दुय्यम नाही," व्हर्ना म्हणाली.

"बरं," तो म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

ऊन कलायला लागलं तेव्हा टेओ किंटाना आला. हा तिचाच विद्यार्थी. गणिताच्या तासाला बाकाखाली लपणारा टेओ आता दाढी राखून होता. नवनव्या यो-योंचे गुणदोष सांगणारे त्याचे व्हिडिओ बघितल्याशिवाय पोरं खरेदी करत नसत. त्याने आधी व्हर्नाला मिठी मारली, हॉलिसचा हात हातात घेतला आणि मग टिटवी उचलली. तिची सकाळपासूनची सगळी आशा या एका फेकीवर होती.

त्याने फेकली. नख टेकवलं. पुन्हा फेकली. मग फारच सावकाश दोरी गुंडाळायला लागला.

"बाई, खरं सांगू?"

"खोटं बोलायला मी तुला कधी शिकवलं?"

"ही चालणार नाही."

"थरथरते म्हणून?"

"त्यानेही. पण नसती थरथरली तरी..." त्याने तंबूंच्या ओळीकडे हात केला. "दर आठवड्याला माझ्या दारात खोकी येऊन पडतात, बाई. त्यातला एकही वाईट नसतो. आम्ही लहान होतो तेव्हा एक चांगला यो-यो मिळाला की उशाशी घेऊन झोपायचो. आता नुसता चांगला कुणाला नकोय. चांगला तर सगळ्यांचाच आहे, याचं वेगळं काय, असं पोरं विचारतात."

"आणि तूही तेच विचारतोस?"

"त्यांना विचारायला मीच शिकवलं," टेओ खाली बघत म्हणाला. मग टिटवी उलटीसुलटी करून बघत, "पण एक कळत नाही. जुनी टिटवी अशी नव्हती."

"अशीच होती."

"नव्हती, बाई." कमरेच्या पिशवीतून त्याने आपली टिटवी काढली. रंग उडालेली, कडेला टवके पडलेली, पहिल्या वर्षीची. "बघा ना."

व्हर्नाने दोरीचा फास बोटात अडकवला. दुसऱ्याची टिटवी ती आयुष्यात पहिल्यांदा फेकत होती. ती खाली गेली आणि टोकाला उभी राहिली. शांत. इतकी शांत, की फिरते आहे की थांबली, ते कळू नये. व्हर्नाने नख टेकवलं. नखाखाली जणू पाणी होतं.

"बेअरिंग बदललंस?"

"बदललं. पण अर्धुकं तीच आहेत, मुळातली. मी अदलाबदल कुणाशी केलीच नाही." तो ओशाळं हसला. "तेव्हा माझ्याशी कोण करणार होतं? तुम्ही म्हणाला होतात, जपून ठेव, भेटेल कुणीतरी."

"मग? भेटलं?"

"बायको भेटली. तिला यो-योचा आवाजसुद्धा सहन होत नाही."

व्हर्ना हसली नाही. तिने मागे वळून पाहिलं. हॉलिस थर्मासमधून कॉफी ओतत होता. पेला अर्धाच भरला होता, आणि तो ओतायचं विसरून थांबला होता. तिच्याकडे बघत नव्हता.

टेओने एक टिटवी विकत घेतली, पूर्ण किमतीला. व्हर्नाला ते नको होतं, पण नाही म्हणाली असती तर तो आणखी खजील झाला असता.

संध्याकाळी बक्षिसं वाटून झाली, तंबू उतरले. हॉलिसने आपला ट्रक झाडाखाली आणला आणि दोघांनी न विकलेली खोकी मागच्या फळीवर चढवली. जवळपास सगळीच परत जात होती.

"तुझी टिटवी दे," व्हर्ना म्हणाली.

"राहू दे, व्हर्ना."

"दे म्हणते ना."

त्याने खिशातून काढून दिली. तिने दोन्ही टिटव्या फळीवर ठेवल्या, एकेक पिळून उघडली. आटे झिजले होते, पण सुटले. निळं अर्धुक निळ्याला लावलं, चंदेरी चंदेरीला. मग तिने निळी फेकली. हॉलिसने, बघवत नसल्यासारखं तोंड करून, चंदेरी.

दोन्ही टिटव्या निवांत उभ्या राहिल्या. ट्रकच्या मागे दोन म्हातारी माणसं दोऱ्या धरून खाली बघत होती.

"दोन्ही अर्धुकं धातूच्या एकाच कांडीतून जोडीजोडीने काढायचो मी," शेवटी हॉलिस म्हणाला. "एकमेकांना जुळवलेली असायची ती. आपण फोडली म्हणून थरथरायला लागली."

"म्हणजे लोकांच्या टिटव्या कधी थरथरल्याच नाहीत."

"नाही."

"फक्त आपल्या."

"फक्त आपल्या."

"आणि मी तुला तीच थरथर..." तिने खोक्यांकडे पाहिलं. "तुला कधी कळलं?"

"मापं घेताना. दोन अर्धुकं एकमेकांची नव्हती."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. काढू का, म्हणालो होतो."

"एवढंच?"

हॉलिसने दोरी गुंडाळली. "त्याहून जास्त बोलायचं, तर आपण त्या दिवशी अदलाबदल केली ती चूक होती, असं म्हणावं लागलं असतं. ते माझ्याच्याने झालं नाही."

चौकात कुणीतरी तंबूचे लोखंडी दांडे आपटत गोळा करत होतं.

"गुळगुळीत असत्या तर विकल्या गेल्या असत्या?"

"टेओ काय म्हणाला ऐकलंस ना. चांगल्यांत आणखी एक चांगला."

"म्हणजे काहीही केलं असतं तरी..."

"हो."

"सोमवारी येतोय तो माणूस?"

"सोमवारी."

तिने एका खोक्याचं झाकण दाबून बसवलं. मग ती म्हणाली, "ही खोकी शाळेला देते. पोरांना थरथर चालते. पोरं नख लावत नाहीत."

"लावतात, बाईसाहेब. टेओने शिकवलंय त्यांना."

यावर दोघंही हसली, आणि ते हसणं मध्येच कुठेतरी संपलं.

व्हर्नाने आपली निळी टिटवी पुन्हा पिळून उघडली आणि एक अर्धुक त्याच्यापुढे धरलं. "परत करू या अदलाबदल. होती तशी."

हॉलिस त्या निळ्या अर्धुकाकडे बघत राहिला. त्याने हात पुढे केला, आणि तिची बोटं त्या अर्धुकावर मिटवली.

"आता राहू दे," तो म्हणाला. "नीट चालतायत."

चंदेरी टिटवी त्याने सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. खोकी तो शाळेच्या दारात उतरवून ठेवणार होता. तिला घरापर्यंत सोडतो म्हणाला. ती म्हणाली, घर जवळ आहे, चालत जाईन. ट्रक वळला, मागचा दिवा झाडांआड दोनदा दिसला आणि मग दिसेनासा झाला.

ती रिकाम्या चौकात उभी राहिली. टिटवी पिळून घट्ट केली, फास बोटात अडकवला आणि फेकली. इतक्या वर्षांच्या सवयीने तिचं बोट त्या बारीकशा थरथरीची वाट बघत होतं. टिटवी खाली उभी होती, निळी, स्वच्छ, जराही न हलता. व्हर्ना वाकली, तिने अंगठ्याचं नख कडेला टेकवलं आणि टेकवूनच ठेवलं.

नखाला काहीच लागलं नाही.