‘अगं’मधला ग

घोगरीचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. दवाखान्याच्या बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडून, तोंडावर टॉवेल दाबून ती हळूच गुरगुरून बघत होती. आवाज लागत होता. तो लागेल याबद्दल तिला शंका नव्हतीच. पण हा आवाज एका ऑपरेशन झालेल्या माणसाला शिकवावा की नाही, हे तिचं ठरत नव्हतं.

घोगरी हे नाव बँडमधल्या पोरांनी ठेवलेलं. दवाखान्यात ते कोणाला माहीत नव्हतं, आणि होऊ नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून जपत होती. इथे ती आवाजाचे उपचार शिकणारी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी होती. कोणाचा आवाज बसतो, कोणाचा फाटतो, कोणाचा कायमचा जातो. अशांना पुन्हा बोलतं करायचं, हे तिचं काम. रविवारी मात्र ती एका गॅरेजमध्ये हेवी मेटल गायची. ‘गायची’ हा तिचा शब्द. गॅरेजचे शेजारी वेगळा शब्द वापरायचे.

खरं तर ती या कामाकडे वळलीच मुळी त्या गाण्यापायी. लहानपणी पोरगी इतकी भित्री, की हजेरीला ‘हजर’सुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणायची. मग एकदा आतेभावाने तिच्या कानांवर हेडफोन चढवले. ड्रम इतके जोरात, की तिची नेहमीची छातीतली धडधड तिलाच ऐकू येईना. आणि त्या सगळ्या गदारोळावर कोणीतरी पोटातून गुरगुरत होतं. या माणसाला कोणी ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणणार नाही, असं तिला वाटलं आणि ती प्रेमातच पडली. दार लावून ती तसं गुरगुरायला शिकली.

बाबांना वाटलं, पोरीच्या घशाचं काहीतरी बिनसलं. दंडाला धरून त्यांनी तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कॅमेऱ्याची बारीक नळी नाकातून आत सोडली आणि म्हणाले, "हं, आता काढ तो आवाज." तिने काढला. पडद्यावर सगळं लख्ख दिसत होतं. खालचे पांढरे स्वरतंतू फारसे ताणलेलेही नव्हते. थरथरत होत्या त्या त्यांच्या वरच्या जाड, गुलाबी घड्या, ज्या एरवी बोलताना कोणी वापरत नाही.

"घसा ठणठणीत आहे," डॉक्टर बाबांना म्हणाले. "कानांचं तुमचं तुम्ही बघा."

बाबा हिरमुसले. पोरगी मात्र पडद्यासमोरून हलेना. माणसाच्या घशात एक जास्तीचा आवाज पडून असतो आणि कोणाला त्याचा पत्ताच नसतो, हे काही तिच्या डोक्यातून जाईना. घरी पोचेपर्यंत तिने काय शिकायचं ते ठरवून टाकलं होतं.

आणि आता शिंपीकाका. त्यांच्या एका स्वरतंतूवर गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये तंतूच काढावा लागला. गाठ गेली, माणूस वाचला, पण उरलेला तंतू एकटा कोणाशी जुळणार? काकांकडे नुसती कुजबुज उरली. दुकानात त्यांचं अडत नव्हतं. अडत होतं घरात, कारण काचबिंदूने काकूंची दृष्टी गेलेली होती. हातवारे त्यांना दिसत नव्हते, चिठ्ठी वाचता येत नव्हती आणि काकांची कुजबुज शिवणयंत्राच्या पलीकडे पोचत नव्हती.

मागच्याच आठवड्यात काकू चाचपडत गरम इस्त्रीच्या दिशेने निघाल्या होत्या. काकांनी ते पाहिलं आणि जिवाच्या आकांताने टेबल बडवलं. काय झालं म्हणून काकू त्या आवाजाकडे वळल्या, आणि तळहात नेमका इस्त्रीवर टेकला. हाताची पट्टी अजून सुटली नव्हती.

"काका, जवळ एखादी घंटी ठेवा ना," घोगरीने सुचवलं होतं.

काकांच्या आधी काकूच फणकारल्या. "घंटी मला काय सांगणार? ये म्हणतेय की थांब म्हणतेय?"

काकांना भाषण ठोकायचं नव्हतं. त्यांना एकच शब्द हवा होता, ‘अगं’. लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती. ‘अगं’ म्हटलं की काकू असतील तिथून ‘ओ’ द्यायच्या. आणि नेमका तोच शब्द त्यांना दगा देत होता. क आणि ग तोंडात एकाच जागी तयार होतात. फरक असतो तो फक्त घशातल्या आवाजाचा. आवाज गेला की ग गेला. काका जीव तोडून ‘अगं’ म्हणायचे आणि बाहेर पडायचं ‘अक्’, उचकी लागावी तसं. सगळे नेहमीचे व्यायाम करून झाले, पण त्या ‘अक्’चा काही ‘अगं’ होईना. आज प्रगती दिसली नाही तर उपचार थांबवायचे, असं तिला शिकवणाऱ्या मॅडमनी सांगून टाकलं होतं.

उपाय घोगरीच्या स्वतःच्या घशात होता आणि तीच तिची पंचाईत होती. मॅडमची सगळी हयात त्या वरच्या घड्या दाबून बोलणाऱ्यांची खोड मोडण्यात गेली होती. शिवाय काकांची जखम भरली असली तरी कोवळी होती. चुकीचा जोर लागला तर? आतून रक्त आलं तर? आपल्याला गुरगुरायला आवडतं म्हणून आपल्याला सगळीकडे तेच दिसतंय की काय? हा शेवटचा प्रश्न तिला सर्वांत जास्त कुरतडत होता. मॅडमच्या दारापर्यंत जाऊन ती परत फिरली, पुन्हा गेली, पुन्हा फिरली.

"आत ये, नाहीतर घरी जा," आतून मॅडम म्हणाल्या. "तुझ्या चपलांनी वात आणलाय."

घोगरीने एका दमात सगळं सांगून टाकलं. बँड, गॅरेज, बाबा, डॉक्टर, घड्या. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"करून दाखव."

तिने करून दाखवलं. बाहेर शिपायाच्या हातातल्या कपबश्या खणाणल्या. "काही नाही रे, ठीक आहे सगळं," मॅडमनी ओरडून सांगितलं आणि कॅमेऱ्याची नळी मागवली. घोगरीचा घसा त्यांनी बराच वेळ आतून न्याहाळला.

"तंतू काढलेल्यांना वरच्या घड्यांवर बोलायला शिकवतात, हे पुस्तकात आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "पण मला तो आवाज काढून दाखवता येत नाही. म्हणून मी कधी कोणाला शिकवलं नाही. तू शिकव. दुखलं किंवा रक्त दिसलं, की तिथेच थांबायचं. मी समोर बसते."

परवानगी मिळाली तर धीर येईल असं घोगरीला वाटलं होतं. तो काही आला नाही. आता चूक झाली तर ती सर्वस्वी तिचीच होती.

खोलीत कॅमेऱ्याच्या यंत्राशेजारी काका स्टुलावर बसले होते, काकू भिंतीकडच्या खुर्चीत, पांढरी काठी मांडीवर आडवी ठेवून.

"काका, शिवणयंत्र उचलून बाजूला ठेवताना तोंडातून ‘हं’ असं निघतं ना? तेवढंच काढा. मोठ्याने नको. माझ्यासारखं." तिने घशात हलकेच गुरगुर केली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग काकूंच्या पट्टीकडे पाहिलं. खांदे आवळले आणि जोर लावला. नुसती हवा सुटली. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा त्यांना ठसका लागला. चेहरा लालबुंद झाला, रुमाल तोंडावर गेला. घोगरीने रुमाल जवळजवळ हिसकावून घेतला आणि उजेडात धरला. नुसती थुंकी होती. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी काकांनाच विचारलं, "दुखतंय?" काकांनी मान हलवली. नाही.

"खांदे सोडा, काका. जोर पोटातून. हं."

"हं," काकांच्या घशातून काहीतरी निघालं. खडबडीत, जाड, ओलसर. काकांनी दचकून गळ्याला हात लावला.

"आता त्याच्यावरच ‘अगं’ ठेवा," घोगरी म्हणाली.

"अ... गं."

ग आला होता! स्पष्ट, भसाडा, पण ग. घोगरीने आनंदाने काकूंकडे पाहिलं, आणि तिचा आनंद जागच्या जागी विरला. काकूंनी काठी घट्ट धरली होती.

"कोण आलंय?" त्या म्हणाल्या. "अहो, कोण आलंय आत?"

काकांचा चेहरा इतका पडला, की घोगरीला तिथून पळून जावंसं वाटलं. आपण या बाईच्या नवऱ्याच्या तोंडी भलत्याच माणसाचा आवाज घातला, आता तो परत कसा काढून घ्यायचा, तिला सुचेना. "काकू, अहो ते..." ती बोलू लागली. पण काकू घाबरून उठल्या होत्या. दाराच्या अंदाजाने त्या भरभर निघाल्या, आणि त्यांच्या पावलांसमोर कॅमेऱ्याच्या यंत्राची वायर ताणलेली होती. मॅडम उठल्या, पण टेबल मध्ये होतं.

"अगं, थांब!" काका गरजले.

काकू थांबल्या. एक पाऊल उचललेलं तसंच राहिलं. मान किंचित वळली, काठी धरलेला हात हळूहळू सैल पडला. मग त्यांनी पाऊल जपून मागे घेतलं.

"थांबले ना!" त्या वैतागून म्हणाल्या. "एवढं ओरडायला काय झालं?"