मानेत वाहणारे पाणी

मित्रांनो, ईट गावाच्या वाटेवरील एका लहान दवाखान्यात, दाराआडच्या खिळ्याला चिरा पडलेला एक काळा स्टेथोस्कोप लोंबतो आहे. तो मी. नळदुर्गच्या डॉक्टर सिद्धलिंगांनी डॉक्टरकी पास होताच मला विकत घेतले. पहिली काही वर्षे मी खोकला, दमा आणि तापाने धापा टाकणारी छातीच ऐकत राहिलो.

बहात्तरच्या दुष्काळात डॉक्टर आणि मी तलावाच्या कामावरचे मजूर तपासायला जाऊ लागलो. तिथे माती वाहणाऱ्या बायकांत बनाबाई होती. तिच्या थट्टेवर अख्खी टोळी हसत ऊन काढायची. एके दिवशी ती पदराने गळा झाकून आमच्यापुढे बसली. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती. पाटी वाहून शीर चढली असे समजून घरच्यांनी तिच्यावर बिब्बा लावला होता, आणि कातडी लाल होऊन फोडांनी भरली होती.

"गळू पिकलंय. चिरावं लागेल," डॉक्टर म्हणाले. सुरी उकळायला ठेवली. जागा पुसताना मात्र त्यांचा हात थबकला. गाठ बोटाखाली उसळत होती. त्यांनी मला तिच्यावर टेकवले.

मित्रांनो, असा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर आतून रक्त सूं सूं करत धावत होते. डॉक्टरांनी सुरी दूर सारली आणि माझी टोके बनाबाईच्या कानांत घातली.

"अगं बया! इंजिनाचं पाणी पडतंय जणू," ती म्हणाली. "गावात प्यायला टिपूस न्हाय, अन् माझ्या मानंत पाट वाहतोय व्हय!"

टोळी हसली. डॉक्टर हसले नाहीत. ही गाठ मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीला बिलगलेली असावी, अशी गाठ फार क्वचित आढळते, आणि आपण चीर दिली असती तर रक्त थांबले नसते, हे त्यांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, व्यंकटला, समजावून सांगितले.

कडबा आणायला निघालेल्या सहकारी संस्थेच्या ट्रकमधून आम्ही सोलापूरला गेलो. तिथल्या सर्जनांनी धमनीत औषध सोडून क्ष-किरण फोटो काढला. धमनीचे दोन फाटे फाकले होते आणि त्यांच्या बेचक्यात गाठ बसली होती.

"काढता येईल," सर्जन म्हणाले, "पण जिवाला धोका आहे. आवाजाची नसही तिथूनच जाते. आवाज जाऊ शकतो."

व्यंकट उठलाच. "नगं साहेब. हाय तशी घरी नेतो."

"बसा खाली," बनाबाई म्हणाली. "आवाज गेला तर तुमालाच सुख हाय. पर ही गाठ घेऊन म्या माघारी येणार न्हाय. काढा, साहेब."

ती हसत होती. नंतर छाती तपासताना तिचे काळीज किती धडधडत होते, ते मला कळले.

शस्त्रक्रियेच्या वेळी मला चिकटपट्टीने तिच्या छातीवर बसवले. माझी टोके भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या कानांत होती. सर्जन धमनीला धक्का न लावता गाठ कणाकणाने सोडवत होते. मध्येच ठोके मंदावले. भूल देणाऱ्यांनी हात वर केला, सर्जन थांबले. ठोके सावरले, तेव्हा सर्जनांचे हात पुन्हा चालू लागले. अखेर गाठ निघाली आणि धमनी शाबूत राहिली.

तिने डोळे उघडताच व्यंकट तिच्या कानाशी वाकून ओरडू लागला, "बने! अगं, बोल की! बोल की गं!"

ओठ हलले. घोगरा, पण तिचाच आवाज आला.

"वरडू नगा. आवाज जायचा व्हता, कान न्हाय."

पुढे डॉक्टरांची बदली झाली, मी इथेच राहिलो, माझी नळी तडकली आणि नव्या डॉक्टरांनी नवा स्टेथोस्कोप आणला. माझी तक्रार नाही. एवढेच सांगतो, कुणाच्या मानेवर गाठ दिसली तर तिला डागू नका, दाबू नका, बिब्बा लावू नका, दवाखाना गाठा. आणि तुमच्यातले कोणी डॉक्टर झालेच, तर सुरी उचलण्याआधी क्षणभर कान लावा. हवे तर मला न्या. माझी पितळी टोके अजून धड आहेत. नळी तेवढी नवी घाला.