उशिरा घातलेलं औषध

“ताई, या बशीतल्या पेशी धडधडत का नाहीत गं?” सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढताच मॅडमनी विचारलं.

“औषध एक दिवस उशिरा घातलं. दादाला ताप होता, मला येताच आलं नाही. पण औषध तेच होतं, पेशीही त्याच.”

प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाचा पहारेकरीसुद्धा. कोवळ्या पेशींना खाऊपिऊ घालून त्यांच्या हृदयाच्या पेशी करायच्या, हे तिचं काम. तिच्यावाचून मॅडमचं पान हलत नसे.

मॅडम रागावल्या नाहीत. “पेशीतला डीएनएचा धागा तोच असतो गं. पण पेशी वाढते तसा तो जागोजागी घट्ट गुंडाळला जातो. त्यावरचा हृदय घडवायचा मजकूर उघडा असेल तेव्हाच औषध लागू पडतं. नंतर मजकूर आत असतोच, वाचता मात्र येत नाही.” मग हातमोजे काढत म्हणाल्या, “ते जाऊ दे. नव्या संस्थेत येणार ना माझ्याबरोबर? तिथे पेशींचा सगळा विभाग तुझा. संध्याकाळपर्यंत सांग.”

ताईला जायचं होतं. बसमध्ये तिला एकटीलाच हसू फुटत होतं. दादाचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून लग्नाचं, बदलीचं प्रत्येक बोलणं तिने ‘दादाचं कोण करणार’ म्हणून परतवलं होतं. आताही तेच आडवं येणार, असं तिने धरूनच ठेवलं होतं.

दादाने सगळं ऐकून घेतलं. “जा,” तो म्हणाला. “मॅडमनी मलाही फोन केला होता. मावसभाऊ इथे राहायला येतोय, ठरलंय आमचं. आता माझं निमित्त पुढे करू नकोस.”

खरं तर तिने उड्याच मारायच्या. पण आता खरंच जायचं म्हटल्यावर तिला धास्ती वाटली. नवं गाव, नवी माणसं, आणि काही बिनसलं तर बोट दाखवायला कुणीच नाही. दुपारच्या त्या मख्ख पेशींचा तिला भयंकर राग आला.

स्वयंपाकघरात जाऊन तिने फोन लावला. मधली भिंत नावापुरतीच होती.

“मॅडम, मनात खूप होतं हो. पण दादाला सोडून कशी येऊ? तुम्हाला फोनवर हो म्हणाला असेल, पण मी जाते म्हटलं तर तो ऐकतच नाही.”

ती बाहेर आली तेव्हा दादा धडक्या हाताने पेल्यात पाणी ओतत होता. निम्मं पांघरुणावर सांडलं होतं. ती फडकं घेऊन धावली.

“राहू दे,” तिच्याकडे न बघता तो म्हणाला. “माझं मी करीन.”

फडकं हातात धरून ती पलंगाशी नुसती उभी राहिली.