लाल घरासमोरची बाई

रविवारी दुपारची भांडी घासून झाली की कलावतीबाईंना स्वीडनला जावं लागे. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, अंगात घरातलाच गाऊन आणि हातात टीव्हीचा रिमोट. शेजारी कॉटवर महिपतराव ताठ बसलेले असत. "हं, कर चालू," ते म्हणत, आणि डोंबिवलीच्या दुसऱ्या मजल्यावरून दोघं निघत.

त्यांची एकुलती एक लेक, सोनल, नोकरीसाठी तिकडे गेली त्याला चार वर्षं झाली होती. यंदाच्या उन्हाळ्यात दर शनिवारी ती सायकल काढून भटकायची आणि हँडलला लावलेल्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ रविवारी आईबाबांना पाठवायची. ती स्वतः त्यात दिसायची नाही, बोलायचीही नाही. जंगल, तळी, टेकड्या आणि त्यांच्यामधून जाणारा कच्चा, बारीक खडीचा रस्ता. टायरखाली खडी करकरत राहायची, तेवढाच आवाज.

"खडीवरच सायकल चालवायची होती, तर एवढ्या लांब कशाला गेली? मानपाडा रोड काय वाईट होता?" महिपतराव सुरुवातीला म्हणालेले. पण ते आपलं बोलण्यापुरतं. सायकलचं वेड पोरीला लावलं होतं त्यांनीच. एमआयडीसीतल्या कंपनीत त्यांनी उभी हयात तीन पाळ्यांत काढली आणि जाणं-येणं कायम सायकलवर. रात्रपाळी संपवून घरी आले की लगेच सोनलला पुढच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडायचे. दांड्यावरची ही बया गप्प बसेल तर शपथ. "बाबा, गाय. बाबा, टँकर. बाबा, खड्डा." झोपेनं डोळे चुरचुरत असलेले महिपतराव दर वेळी म्हणायचे, "दिसतंय गं मला." शाळेच्या फाटकापर्यंत दोघांचा हाच संवाद चालायचा.

आता मात्र दिसत नव्हतं. काचबिंदूनं डावा डोळा आधीच खाल्लेला, गेल्या वर्षभरात उजवाही गेला. खिडकी कुठे आहे एवढं उजेडावरून कळे, बाकी काही नाही. सोनल मागे येऊन गेली तेव्हा अंधुक का होईना दिसत होतं, त्यामुळे तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"आणि कळायलाही नको," महिपतरावांनी बायकोला बजावलं होतं. "कळलं तर दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून येईल. तिचा स्वभाव मला माहितीये, माझाच आहे. माझ्या डोळ्यांपायी तिनं तिकडचं सगळं मोडलेलं मला चालायचं नाही. शब्द दे, कला."

कलावतीबाईंनी देवासमोर शब्द दिला. देऊन तर बसल्या, पण तेव्हापासून लेकीचा फोन वाजला की त्या आधी देवाला हात जोडायच्या, मगच तो उचलायच्या.

म्हणून त्या व्हिडिओ बघून सांगायच्या आणि महिपतराव ऐकायचे. मग सोनलचा फोन आला की महिपतराव ऐकलेलंच तिला ऐकवायचे, "काय सुंदर तळं होतं गं!" अडचण एकच होती. त्या देशात सांगण्यासारखं काही नव्हतं. "झाडं आली. अजून झाडं. आता तळं. मोठंय हां. परत झाडं." साताऱ्याकडच्या भरल्या गावात वाढलेल्या आणि नंतर जन्मभर डोंबिवलीत राहिलेल्या बाईनं याच्यापुढे काय सांगावं?

तिसऱ्या रविवारी महिपतरावांनी विचारलं, "माणसं नाहीत का गं तिथे?"

"नाही दिसत बाई."

"एक पण नाही?" त्यांचा चेहरा उतरला. "एवढ्या ओसाडीत पोरगी एकटीच फिरते?"

नेमकं तेव्हाच पडद्यावर एक लाल रंगाचं लाकडी घर आलं. दार बंद, खिडक्या बंद, अंगणात चिटपाखरू नाही. कलावतीबाईंनी घराकडे बघितलं, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आहे की! बाई आहे एक. अंगणात मिरच्या वाळत घातल्यात तिनं. सोनलला हात केला बघा."

"हो?" महिपतराव सरळ होऊन बसले. "बरं झालं. कुणीतरी आहे म्हणायचं."

झालं. सोनलची वाट कुठूनही जावो, शेवटी ती त्या लाल घरावरूनच परत यायची, आणि दर रविवारी ती बाई काही ना काही करत असायची. एकदा मिरच्या उलटत होती. एकदा डोक्याला फडकं बांधून अंगण झाडत होती. एकदा पायरीवर बसून गुडघे चोळत होती. "वय झालं असेल तिचं," महिपतराव म्हणाले. "झालंच असेल की," कलावतीबाई म्हणाल्या आणि नकळत स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या. खरं सांगायचं तर ती बाई त्यांनाही आवडायला लागली होती. एका रविवारी मात्र पाहुण्यांच्या गडबडीत त्यांनी घाईघाईत सांगितलं, आणि बाई राहूनच गेली.

संध्याकाळी सोनलचा व्हिडिओ कॉल आला. कलावतीबाईंनी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून महिपतरावांसमोर ठेवला, त्यांचं तोंड नीट समोर येईल असा. एवढ्यात दूध उतू जायला आलं म्हणून त्या आत धावल्या. तेवढ्यात घात झाला.

"काय गं, आज ती बाई दिसली नाही?" महिपतराव विचारत होते. "आजारी बिजारी आहे का?"

"कोण बाई, बाबा?"

"अगं, ती लाल घरासमोरची. मिरच्या वाळत घालते ती."

आत कलावतीबाईंच्या हातातली सांडशी तशीच राहिली.

"बाबा," सोनलनं हळूच विचारलं, "मी आज कशी दिसतेय?"

"कशी म्हणजे? छान दिसतेस. हसरी, नेहमीसारखी."

कलावतीबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. फोनमध्ये त्यांना लेकीचा चेहरा दिसत होता. सोनलनं हुंदका फुटू नये म्हणून बाही तोंडात धरली होती आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. महिपतराव त्या चेहऱ्याकडे बघून कौतुकानं हसत होते. कलावतीबाईंना ते बघवेना. त्यांनी पुढे येऊन नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"किती दिवस झाले, आई?" सोनलनं विचारलं, आणि मग महिपतरावांनाही कळलं.

पुढचं बोलणं झालं ते सगळं रडण्यातच. "मी येते परत, बास झालं," सोनल म्हणाली. "खबरदार," महिपतराव ओरडले. "आलीस तर दार नाही उघडणार मी." आणि चाचपडत फोन शोधून त्यांनी तो उलटा ठेवून दिला.

त्या रात्री दोघं जेवले नाहीत. "चूक माझी आहे," कलावतीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मी खोटंनाटं रचलं आणि सगळं उघड्यावर आलं. तुम्हाला पण फसवलं."

"मला कुठे फसवलंस?" महिपतराव म्हणाले. "मी आंधळा झालोय कला, खुळा नाही. स्वीडनमध्ये मिरच्या कोण वाळत घालतं?"

कलावतीबाईंनी डोळे पुसायचं थांबवलं. "मग सोनलला का विचारलंत?"

"काय करू? दर रविवारी तिची वाट बघायची सवय लागलेली. आज तू तिचं नावच काढलं नाहीस. मला चैन पडेना. निघून गेलं तोंडातून."

एवढ्या दुःखातही कलावतीबाईंना हसू आलं. "बाई म्हटल्यावर बरी काळजी वाटली हो!"

"गुडघे दुखतात ना तिचे," महिपतराव म्हणाले, आणि त्यांनी बायकोचा हात हातात घेतला.

आठवडाभर सोनलचा फोन आला नाही. 'जेवलात का', 'औषध घेतलं का', एवढेच मेसेज. कलावतीबाईंचा जीव टांगणीला लागला. खाली रिक्षा थांबली की त्या गॅलरीत जाऊन बघून यायच्या. पोरगी यावी असं त्यांच्या मनात नव्हतं का? होतं, अगदी खोल होतं. पण ती नवऱ्याच्या डोळ्यांपायी, सगळं सोडून, रडत आलेली त्यांनाही नको होती. महिपतराव तर दिवसभर एकच घोकत होते, "पोरीचे पाय मी बांधले."

रविवार आला. जेवणं झाली, भांडी झाली, व्हिडिओ काही आला नाही. रिमोट हातात घेऊन कलावतीबाई बंद टीव्हीसमोर बसून राहिल्या. महिपतराव भिंतीकडे तोंड करून पडले. असा बराच वेळ गेला आणि फोन वाजला. नुसताच फोन, चेहरा नाही. कलावतीबाईंनी स्पीकर लावला.

वारा घोंगावत होता आणि त्याच्यामागे खडी करकरत होती.

"बाबा," सोनलचा आवाज आला, धापा टाकत. "बाबा, वळण."

महिपतराव उठून बसले.

"कानात इअरफोन घालून चालवतेय. बाबा, डावीकडे झाडं, सगळी सरळसोट. आता तळं आलं. पाणी अगदी स्थिर आहे, आभाळ पडलंय त्यात. बाबा, चढ. थांबा हां, दम लागतोय."

"गिअर कमी कर," महिपतराव न राहवून म्हणाले.

"केला. आणि आई, ऐकतेयस ना? लाल घरापाशी थांबले होते आत्ता. इतक्या वेळा जाते तिथून, कधी थांबलेच नव्हते. दार वाजवलं. बाई नाही गं तिथे. एक आजोबा राहतात, एकटेच. म्हणाले, दर शनिवारी तुला बघतो खिडकीतून, आज वार चुकला की काय? पुढच्या वेळी कॉफी प्यायला बोलावलंय."

कलावतीबाईंनी तोंडावर हात धरला. एवढ्या लांब आपल्या पोरीची कुणीतरी वाट बघतं, यानं त्यांना भरून आलं.

"बाबा, मी परत येत नाहीये," सोनल म्हणाली. "रागावू नका आणि दार बंद करायची धमकी पण देऊ नका. तुम्ही दोघं इकडे या पुढच्या उन्हाळ्यात. इथे दोन सीटची सायकल मिळते भाड्यानं. मी पुढे, तुम्ही मागे. हँडल माझ्याकडे, पॅडल दोघांनी मारायचं."

"वेडी का काय? आंधळ्या माणसाला सायकलवर बसवतेस?"

"का? मी पण दांड्यावर नुसती बसायचेच ना? काम काय होतं मला? सांगत बसायचे. तेच करीन. याल ना, बाबा?"

महिपतरावांनी नुसतीच मान हलवली. फोनमधून ते कळणार नव्हतं, म्हणून कलावतीबाईच म्हणाल्या, "हो म्हणतायत गं ते."

"मग धरून बसा. बाबा, उतार!"

वाऱ्याचा आवाज एकदम वाढला. महिपतरावांनी कॉटची कड घट्ट धरली, पाय जमिनीवरून थोडे उचलले आणि पाणावलेले डोळे मिटून घेतले.

"बाबा, पूल. बाबा, अजून एक तळं, मोठं आहे!"

"दिसतंय गं," महिपतराव म्हणाले. "दिसतंय मला."