अर्धवट जळलेली काजळी

बेकरीवाल्याची पिकअप माझ्या गॅरेजच्या दारावरून रडतखडत पुढे गेली आणि समोर धाकट्याच्या गॅरेजात शिरली. वीस वर्षांत या माणसाच्या तीन गाड्या झाल्या, तिन्हींचा बोल्टन् बोल्ट मी आवळला. सतरा नंबरचा पाना मागायच्या निमित्ताने मी रस्ता ओलांडला. तसले तीन पाने माझ्याकडे आहेत.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. पाना कसा धरायचा हे त्याला मीच शिकवलं. पुढे तो कसलासा कोर्स करून आला, लॅपटॉप घेतला आणि माझ्याच नाकासमोर दुकान थाटलं. एका आईची लेकरं आम्ही, पण गिऱ्हाइकं मला 'मिस्त्री' म्हणतात आणि त्याला 'साहेब'. माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू?

"साहेब, गाडी चढच चढत नाही," बेकरीवाला सांगत होता. "पिवळा दिवा लागलाय."

धाकट्याने वायर जोडली. "सायलेन्सरचा फिल्टर काजळीने गच्च भरलाय. भरला की गाडी स्वतःच तापून ती काजळी जाळून टाकते. वीसेक मिनिटं लागतात." स्क्रीनवर बोट ठेवून तो थांबला. "पण तुम्ही चौदा वेळा मध्येच बंद केलीय. का?"

का, ते मला ठाऊक होतं. मागे हाच बेकरीवाला माझ्याकडे आला होता. गाडी उभी असताना आवाज वाढतो, पंखा घोंघावतो, जळका वास येतो म्हणाला. मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "लगेच चावी फिरव. नाहीतर इंजिन बसेल." दुकानोदुकानी पाव टाकत फिरणारा माणूस. प्रत्येक थांब्याला त्याने माझा शब्द पाळला.

बेकरीवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "माझीच अक्कल, साहेब."

"अक्कल? गाडीबरोबर पुस्तक देतात ते काय पाव गुंडाळायला? एवढं वय झालं तुमचं..." धाकटा फाडफाड बोलत राहिला. बेकरीवाला मान खाली घालून ऐकत होता. मला वाचवत होता. कीव करत होता माझी, आणि तीही याच्यासमोर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्यांना बोलू नकोस," मी म्हणालो. "बंद करायला मी सांगितलं होतं."

धाकट्याने मान स्क्रीनकडे वळवली. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही दोन घातल्या असत्या. "खूप साचलीय, सगळी जाळायला पाऊण तास लागेल, दादा," एवढंच म्हणाला आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

त्याने लॅपटॉपवर बटण दाबलं. पेडलवर कोणाचा पाय नाही, आणि इंजिन आपलं आपण ओरडायला लागलं. पंखा सुटला, जळका वास आला. माझा हात दोनदा चावीकडे गेला, शेवटी मी तो खिशात कोंबला. धाकटा स्क्रीनवरचे आकडे वाचत होता आणि मी त्याचा चेहरा. माझ्यापेक्षा चांगला कारागीर आहे तो. हे मी कधी बायकोलाही बोललो नव्हतो.

आवाज उतरला. दिवा विझला. बेकरीवाला गाडीत बसला, काच खाली केली आणि सवयीने माझ्याकडेच वळला.

"मिस्त्री, पुन्हा असा आवाज आला तर काय करू?"

उत्तर आता मला येत होतं.

"माझ्या भावाला विचार," मी म्हणालो, आणि दोन्ही बाजूंना बघून रस्ता ओलांडला.