एवढं फुकट कोण देतं?

थोरल्या मुलाला, सुजितला, वाशीच्या एका कुरिअर कंपनीत नोकरी लागली, तेव्हा महिपतीने त्याच संध्याकाळी बुवापाड्यातल्या सगळ्या चाळीत पेढे वाटले होते. नोकरी मामाच्या ओळखीने लागली हे वाटणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि खाणाऱ्यांनाही. पण कुणी अवाक्षर काढलं नाही. मुलगा कर्तबगार निघाला असं सगळे म्हणाले आणि महिपतीने खुशाल मान डोलावली.

दोन वर्षांनी धाकट्या मुलीच्या, किर्तीच्या नावाने एक पत्र आलं. जर्मनीतल्या एका विद्यापीठाने तिला पुढच्या शिक्षणासाठी संपूर्ण शिष्यवृत्ती दिली होती. फी, राहणं, जेवणखाण, विमानाचं तिकीट, सगळा भार त्यांचा. तिच्या आईने, कौसाबाईने देवापुढे साखर ठेवली. महिपतीने पत्र चार वेळा उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "एवढं फुकट कोण देतं?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न अगदीच वावगा नव्हता. त्याच्या पुतण्याला, प्रज्वलला, दुबईच्या नोकरीच्या नावाखाली एका एजंटने चांगलंच नागवलं होतं. त्यात महिपतीचं कामच खोट काढायचं. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात तो बावीस वर्षं चेकर होता. शिवलेली पँट उलटी करायची, शिलाई ओढून बघायची आणि खोट दिसली की बाजूला फेकायची. ही सवय संध्याकाळी त्याच्याबरोबर घरीही यायची.

तेव्हा पत्र घेऊन तो कारखान्याच्या शेठच्या मुलाकडे गेला. तो मुलगा स्वतः परदेशात शिकून आलेला. त्याने विद्यापीठाची वेबसाइट उघडली, पत्रावरचा नंबर जुळवला, त्यांच्या कचेरीत मेल टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "अंकल, एकदम असली है," तो म्हणाला. "हजारो पोरं अर्ज करतात, त्यातून दहा-बाराच निवडतात. तुमची मुलगी हुशार आहे."

एरवी माणूस इथे सुटकेचा श्वास टाकतो. महिपतीने टाकला नाही. कागद खरा निघाला, मग शंका घ्यायला मुलगीच तेवढी उरली.

त्याला एकेक गोष्ट आठवू लागली. गेली दोन वर्षं किर्ती दर रविवारी सकाळी पाठीवर बॅग टाकून बाहेर जायची. नाल्याचं पाणी आणायला जाते, म्हणायची. रविवारी नाल्यावर कोण जातं? मध्येच ती लॅपटॉप लावून कुणा गोऱ्या प्रोफेसरशी बोलायची, हसायचीसुद्धा. त्या माणसाला हजारो पोरांतून हीच कशी सापडली? तिच्यासारख्या एम.एस्सी. झालेल्या पोरी काय कमी आहेत?

किर्तीने त्याला सांगितलं नव्हतं असं नाही. जीन्स धुतल्यावर जे निळं पाणी नाल्यात जातं, त्यातून रंग वेगळा काढायची एक स्वस्त रीत ती शोधत होती. तिचा त्यावरचा लेख त्या प्रोफेसरने वाचला होता. लॅपटॉपवर सगळं दाखवते, असंही ती म्हणाली होती. मला त्यातलं काय कळतं, म्हणून महिपतीने हात झटकले होते. कळून घेण्यापेक्षा संशय घेणं सोपं असतं, हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे.

मुलीला तोंडावर जाऊ नको म्हणायची त्याची छाती नव्हती. पुरावा तर काहीच नव्हता. मग त्याने एक आडवाट काढली. किर्तीने पासपोर्टसाठी अर्ज केला होता आणि पोलीस चौकशीला येणार होते. पोलीस आले की शेजारच्या दोघांना विचारतात, हे त्याला माहीत होतं. तो समोरच्या रखमामावशीकडे आणि कोपऱ्यावरच्या दुकानदार धर्मेशकडे गेला. पोरगी इथं राहते की नाही, नक्की माहीत नाही, एवढंच सांगा म्हणाला. मागे कुणा प्रोफेसरची काहीतरी भानगड दिसते, रविवारीही ती नाल्यावर जात नसावी, छडा लागेपर्यंत थोडा वेळ हवा, असंही दबक्या आवाजात सांगून बसला.

रखमामावशीने साफ नकार दिला. पण पोलीस आला तेव्हा ती सोनिवलीला लेकीकडे गेलेली होती, किर्ती लॅबमध्ये कामाला होती आणि कौसाबाई रेशनच्या रांगेत. धर्मेशने सांगितल्याप्रमाणे सांगितलं. आठवड्याने किर्तीच्या मोबाइलवर मेसेज आला की राहण्याचा पत्ता सिद्ध झाला नाही, पासपोर्ट अडला. महिनाअखेरपर्यंत पासपोर्टचा नंबर कळवला नाही, तर विद्यापीठ ती जागा यादीतल्या पुढच्या मुलाला देणार होतं. किर्ती त्या दिवशी जेवली नाही. महिपती खाली मान घालून जेवला.

दोन दिवसांनी तो दुधाची पिशवी आणायला धर्मेशच्या दुकानाशी गेला. आत दोन गिऱ्हाइकं होती. धर्मेश त्यांना रंगवून सांगत होता, "कुठला तरी म्हातारा प्रोफेसर आहे. दर संडेला बॅग घेऊन जाते ना ती, नाल्यावर थोडीच जाते. खालीपिली एवढा खर्च कोण करतो? कुछ तो है."

महिपतीने गल्ल्यावरून हात घालून धर्मेशची कॉलर धरली. "माझ्या पोरीबद्दल असलं बोलायला तुला कोणी सांगितलं?"

धर्मेश भांबावला. "काका, तुम्हीच सांगितलं ना. बापच बोलतो म्हणजे खरंच असणार, असं वाटलं मला."

कॉलर सुटली. दुधाची पिशवी गल्ल्यावर तशीच राहिली.

घरी जायचं धैर्य होईना, म्हणून तो रखमामावशीच्या ओट्यावर बसला. ती सोनिवलीहून परतली होती आणि तिच्या कानावर सगळं आलं होतं. तिने पाणी दिलं, पण बोलायचं सोडलं नाही.

"सुजितला नोकरी लागली तेव्हा विचारलं होतंत का, तुलाच का घेतलं म्हणून?"

"तो मुलगा आहे, मावशी."

"म्हणजे मुलाला मिळालं तर अक्कल आणि मुलीला मिळालं तर लफडं?" मावशी म्हणाली. "कागद तपासलात, ते बरं केलंत. फसवणारे पुष्कळ आहेत. पण कागद खरा निघाल्यावर थांबायचं होतं. पोरगी आपल्यापेक्षा हुशार निघाली हे तुम्हाला मानवेना, महिपती. त्यापेक्षा ती वाईट निघाली हे मानायला तुम्ही तयार झालात."

महिपतीला स्वतःचीच लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

घरात किर्ती फेरतपासणीचा अर्ज भरत होती. तो दारातच उभा राहून म्हणाला, "पोलिसाला खोटं सांगायला मीच लावलं होतं."

"माहीत आहे, बाबा," ती मान वर न करता म्हणाली. "काल दुकानात जाऊन विचारलं मी, तेव्हा धर्मेशदादाने सांगितलं."

"मग तू काहीच कशी म्हणाली नाहीस?"

"तुम्ही स्वतः सांगता का, ते बघत होते."

तो तिच्या शेजारी खाली बसला आणि त्या नाल्याच्या पाण्याचं काय ते दाखव म्हणाला. तिने बाटल्यांचे फोटो दाखवले, शंभराच्या वर, प्रत्येकीवर रविवारची तारीख. तिची रीत लावल्यावरही पहिल्या बाटलीतलं पाणी गडद निळं होतं, शेवटच्या बाटलीतलं जवळजवळ स्वच्छ. त्याला रसायनशास्त्र कळलं नाही. पण कष्ट कळले, आणि तेवढे कळायला शाळा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यात खाडा केला. रखमामावशीला आणि खजील झालेल्या धर्मेशला घेऊन पोलीस ठाण्यात गेला, खरं ते लिहून दिलं, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. परत येताना तो दुकानासमोर थांबला आणि जमलेल्या चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या मुलीबद्दल जे वाईट पसरलं, ते मी पसरवलं आणि ते खोटं होतं. तिला जे मिळालं ते तिच्या डोक्याने मिळालं."

महिना संपायला तीन दिवस असताना पासपोर्ट आला. किर्ती गेली, शिकतेही आहे. पण बुवापाड्यात आजही दोन-तीन घरांतून तिच्याबद्दल हलक्या आवाजात तेच बोललं जातं. महिपती दिसेल त्याला समजावत असतो. ऐकणारे हो म्हणतात आणि विश्वास ठेवत नाहीत.

म्हणून मायबापहो, एवढंच लक्षात ठेवा. कागदावर शंका घ्या, एजंटावर घ्या, हजारदा तपासून पाहा. पण मुलीने काही मिळवलं तर त्याचं कारण आधी तिच्या मेहनतीत शोधा, आणि दुसऱ्या कुणाला विचारायच्या आधी तिला विचारा. बाहेरच्याने घेतलेली शंका एक दिवस विरून जाते. बापाने घेतलेली शंका लोक साक्ष म्हणून धरतात, आणि ती साक्ष बापालाही मागे घेता येत नाही.